किती स्नायू म्हणजे फार स्नायू? स्त्रियांच्या शरीरसौष्ठवाचा इतिहास

1992 साली अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात 'मिस इंटरनॅशनल' ही स्त्रियांची शरीरसौष्ठव स्पर्धा भरली होती. ब्रिटनची पॉला बर्कमशॉ तिथे उतरली होती, वजन सुमारे 73 किलो. जर्मनीची आन्या श्रायनर उंचीला तिच्याइतकीच, पण वजन 59 किलोच्या आसपास. दोघींची शरीरं प्रमाणबद्ध, दोघींचे स्नायू रेखीव. फरक इतकाच की पॉलाच्या अंगावर स्नायू कितीतरी जास्त होते. निकाल लागला तेव्हा आन्या पहिली आली आणि पॉला आठवी. एरवी शेवटी पहिल्या दहाजणींना मंचावर बोलावत, त्या दिवशी फक्त सहाजणींना बोलावलं. प्रेक्षक खवळले. पॉलाच्या नावाचा गजर सुरू झाला आणि नाव पुकारलं गेलेलं नसतानाही ती त्या सहाजणींसोबत मंचावर आली.

शरीरसौष्ठवाच्या स्पर्धेत जास्त स्नायू कमावणं अंगाशी कसं येऊ शकतं? स्त्रियांच्या शरीरसौष्ठवाचा जवळजवळ सगळा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो. धावण्याच्या शर्यतीत घड्याळ असतं, भारोत्तोलनात वजन असतं. इथे निकाल माणसाच्या डोळ्यावर लागतो, आणि त्या डोळ्याला नेमकं काय हवंय हे दर काही वर्षांनी बदलत गेलं. पुरुषांच्या बाबतीत ते फारसं बदललं नाही.

परीक्षक काय बघतात

आधी स्पर्धा चालते कशी ते पाहू. परीक्षकांची नजर मुख्यतः तीन गोष्टींवर असते. एक, स्नायूंचा आकार. दोन, प्रमाणबद्धता, म्हणजे खांदे भरदार असतील तर मांड्याही तशाच हव्यात, डावी बाजू उजवीला जुळायला हवी. तीन, कंडिशनिंग. कातडीखालची चरबी आणि पाणी इतकं कमी व्हायला हवं की प्रत्येक स्नायूची रेघ वेगळी दिसावी. आपल्याकडच्या जिममध्ये याला 'कट्स' म्हणतात. अंगाला फासलेला तो गडद तपकिरी रंगही त्यासाठीच असतो. मंचावरच्या झगझगीत उजेडात गोऱ्या कातडीवर स्नायूंच्या सावल्या पुसून जातात, गडद रंगावर त्या उठून दिसतात.

परीक्षक शंभरपैकी गुण देत नाहीत, क्रमांक देतात. पहिलीला 1, दुसरीला 2, तिसरीला 3. टोकाचे आकडे गाळून उरलेल्यांची बेरीज करतात आणि जिची बेरीज सर्वांत कमी ती जिंकते. एका परीक्षकाने एका फेरीत एखादीला एक जागा खाली ढकललं तरी निकाल फिरू शकतो. हे लक्षात असू द्या, पुढे 1991 च्या स्पर्धेत याचा संबंध येणार आहे.

सक्तीच्या, म्हणजे प्रत्येकीला द्याव्याच लागणाऱ्या पोझमध्ये मला सगळ्यात बोलकी वाटते ती पाठमोरी डबल बायसेप्स. स्पर्धक परीक्षकांकडे पाठ करून उभी राहते. एक पाय मागे घेऊन चवड्यावर टेकवते आणि टाच उचलून पोटरी आवळते. मग मांडीची मागची बाजू, मग कुल्ले, मग कंबर. दोन्ही हात खांद्याच्या रेषेत उचलून कोपरात दुमडते, मुठी वळते आणि वरचं अंग किंचित मागे झुकवते, म्हणजे पाठीवरचा उजेड नीट पडतो. त्या क्षणी पोटरीपासून मनगटापर्यंत एकही स्नायू सैल सोडून चालत नाही. चेहऱ्यावर मात्र हसू हवं. समोरून चांगली दिसणारी स्पर्धक पाठ वळवल्यावर मागे पडते, असं या खेळात नेहमी होतं. बायसेप्स सगळेच करतात, पाठीवर वर्षानुवर्षं घाम गाळणारे थोडे.

शरीराचं गणित

स्नायू वाढण्यात टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाचा मोठा वाटा असतो आणि पुरुषांच्या रक्तात ते स्त्रियांच्या सुमारे पंधरापट असतं. स्त्रीचे स्नायू वजन उचलून वाढतात, ताकद भरपूर येते, पण फार मोठा आकार यायला बरीच वर्षं लागतात. 'डंबेल उचललं की बाईचा पुरुष होतो' या समजुतीत काही अर्थ नाही. शिवाय स्त्रीच्या शरीराला प्रजननासाठी चरबीचा साठा लागतो. स्पर्धेसाठी तो महिनोन्‌महिने डाएट करून खाली आणला की शरीर काटकसर सुरू करतं, आणि अनेकींची मासिक पाळी थांबते. म्हणून मंचावर दिसतं ते रूप वर्षातले थोडेच दिवस टिकतं, आणि तेवढंच टिकायला हवं.

आता स्टेरॉइड्सबद्दल. ती टाळून हा विषय सांगणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड्स म्हणजे टेस्टोस्टेरॉनची कृत्रिम भावंडं. व्यावसायिक शरीरसौष्ठवात त्यांचा वापर पुरुष आणि स्त्रिया दोघांतही झाला आणि होतो. स्त्रियांवर त्याचे परिणाम जास्त उघडपणे दिसतात. चेहऱ्यावर केस येतात, पाळी बिघडते, आवाज घोगरा होतो. घोगरा झालेला आवाज औषध बंद केल्यावरही सहसा पूर्ववत होत नाही. जिममध्ये कुणी 'हलका डोस आहे, काही होत नाही' म्हणालं तर त्याचं ऐकू नका, एवढं मी कळकळीनं सांगेन.

सुरुवात किनाऱ्यावर आणि वायएमसीएमध्ये

बळकट स्त्रिया सर्कशीत शंभर वर्षांपूर्वीही होत्या. पण व्यायामाला सर्कशीच्या तंबूतून बाहेर आणण्याचं मोठं काम केलं ते अ‍ॅबी स्टॉकटननं. ती कॅलिफोर्नियात टेलिफोन ऑपरेटर होती. 1940 च्या दशकात सांता मोनिकाच्या मसल बीचवर ती माणसांना डोक्यावर उचलून धरायची आणि बघ्यांची गर्दी जमायची. तिनं एका व्यायाम मासिकात स्त्रियांसाठी सदर चालवलं, आणि 1947 मध्ये लॉस एंजलिसला स्त्रियांची अधिकृत भारोत्तोलन स्पर्धा भरवण्यात पुढाकार घेतला. वजन उचलल्यानं स्त्रीचा बांधा बिघडतो, असं डॉक्टरही सांगायचे तो काळ. अ‍ॅबीनं वाद घातला नाही, वाळूत उभं राहून दाखवून दिलं.

तरी पुढची तीसेक वर्षं 'स्त्रियांची शरीरस्पर्धा' म्हणजे पुरुषांच्या स्पर्धेच्या मध्यंतरात भरणारी सौंदर्यस्पर्धाच होती. 1972 साली अमेरिकेत 'टायटल नाइन' हा कायदा आला. सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजांना मुलींना खेळात डावलता येईना. धावणाऱ्या, पोहणाऱ्या, जिम्नॅस्टिक्स करणाऱ्या मुलींची एक पिढी तयार झाली आणि ती वेट रूममध्ये शिरली. पुढच्या विजेत्यांपैकी अनेकजणी मैदानी खेळांतूनच आल्या.

1977 च्या नोव्हेंबरमध्ये ओहायोतल्याच कँटन गावी, वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेशी संबंधित हेन्री मॅगी यांनी स्त्रियांची स्पर्धा भरवली. स्त्रियांच्या शरीराला पुरुषांच्याच निकषांवर तोलायचं, ही त्यांची कल्पना होती. जीना लास्पिना विजयी झाली. आधुनिक स्त्री शरीरसौष्ठवाची सुरुवात बहुतेक लोक इथूनच मोजतात. 1979 मध्ये लॉस एंजलिसला लिसा लायन जिंकली. तिनं पुढे स्पर्धा केल्या नाहीत, पण रॉबर्ट मेपलथॉर्प या छायाचित्रकारानं तिची छायाचित्रं काढली आणि स्नायू असलेली स्त्री कलादालनात पोचली.

1980 मध्ये फिलाडेल्फियात पहिली 'मिस ऑलिंपिया' झाली. व्यावसायिक शरीरसौष्ठवातला हा सर्वोच्च किताब. ऑलिंपिक खेळांशी त्याचा काही संबंध नाही, नावामुळे गफलत होते. टेक्ससची रेचल मॅकलिश पहिली विजेती ठरली. सडपातळ, रेखीव, मासिकांच्या मुखपृष्ठाला साजेशी. त्या काळात मुठी वळून पोझ देणंही बायकांना शोभत नाही असं मानलं जाई. 1981 ला फिनलंडची किके एलोमा जिंकली. ही पुढे गायिका झाली आणि नंतर थेट फिनलंडच्या संसदेत निवडून गेली. 1982 ला पुन्हा मॅकलिश, 1983 ला कार्ला डनलप, हा किताब मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री.

बेव फ्रान्सिस आली आणि परीक्षक अडचणीत आले

बेव फ्रान्सिस ऑस्ट्रेलियातल्या गीलाँगची. मुळात पॉवरलिफ्टर, म्हणजे जास्तीत जास्त वजन उचलण्याच्या खेळातली, तीही ओळीनं जगज्जेती ठरलेली. 1983 मध्ये लास वेगसच्या सीझर्स पॅलेसमध्ये, एका माहितीपटाच्या निमित्तानं आखलेल्या स्पर्धेत ती उतरली. तिच्याइतके स्नायू असलेली स्त्री तोवर शरीरसौष्ठवाच्या मंचानं पाहिली नव्हती. परीक्षकांपुढे पेच पडला. हिला पहिली ठरवलं तर उद्यापासून सगळ्या अशाच व्हायला बघतील. हिला खाली ढकललं तर ही स्पर्धा स्नायूंची कशी? त्यांनी बेवला आठवा क्रमांक दिला. कार्ला डनलप जिंकली, आणि कार्ला उत्तम होतीच. पण आठवा क्रमांक हा कौशल्याचा निर्णय नव्हता, तो घाबरून घेतलेला निर्णय होता असं माझं स्पष्ट मत आहे.

बेव मागे हटली नाही. परीक्षकांना हवं तसं स्वतःला घडवायचा तिनं प्रयत्न केला, आकार कमी केला, केशभूषा बदलली. दरम्यान 1984 ते 1989 अशी सलग सहा वर्षं कोरी एव्हरसननं मिस ऑलिंपिया जिंकली. विस्कॉन्सिन विद्यापीठात मैदानी स्पर्धा गाजवलेली ही खेळाडू मॅकलिशपेक्षा मोठी होती आणि बेवपेक्षा लहान, म्हणजे परीक्षकांना हवा असलेला सुवर्णमध्य. या सहा वर्षांत हा खेळ अमेरिकेच्या टीव्हीवर आला, मासिकांत आला. एव्हरसन निवृत्त झाल्यावर 1990 मध्ये डेट्रॉइटची लेंडा मरे जिंकली. रुंद खांदे, इवलीशी कंबर, भरदार मांड्या, इंग्रजी एक्स अक्षरासारखा बांधा. बेव दुसरी आली.

1991 ची स्पर्धा ईएसपीएन वाहिनीनं थेट दाखवली. या वेळी बेवनं तडजोड सोडून दिली होती. ती आजवरच्या आपल्या सगळ्यात मोठ्या रूपात मंचावर आली. बेरीज झाली तेव्हा लेंडा मरे एका गुणानं जिंकली. वर सांगितलेली क्रमांकांची पद्धत आठवा. एक गुण म्हणजे कुणा एका परीक्षकाच्या मनातली एक जागा. बेवनं त्यानंतर स्पर्धा सोडल्या. लेंडाचा विजय अन्यायाचा होता असं मी म्हणणार नाही, प्रमाणबद्धतेत तिचा हात धरणारी कुणी नव्हती. पण आठव्या क्रमांकापासून एका गुणापर्यंत बेव पोचली ती आठ वर्षांत, आणि त्या आठ वर्षांत खेळ तिच्या दिशेनं सरकला होता हे नाकारता येत नाही.

तेवढ्यात कारभारी सावध झाले. आयएफबीबी या आंतरराष्ट्रीय महासंघानं 1992 मध्ये 'स्त्रीत्व' जपणारे निकष आणले. स्पर्धक फार मोठी दिसता कामा नये. कोलंबसला पॉला बर्कमशॉच्या वाट्याला आलेला आठवा क्रमांक याच वर्षीचा.

गंमत म्हणजे हे निकष फार टिकले नाहीत. स्पर्धकांची वाढ थांबली नाही. लेंडा मरे 1995 पर्यंत जिंकत राहिली, आणि 1996 मध्ये तिला हरवलं किम चिझेव्हस्कीनं. किमचा आकार आणि कंडिशनिंग दोन्ही त्या काळापर्यंतच्या सगळ्यांच्या पुढचं होतं. ती 1999 पर्यंत सलग चार वर्षं जिंकली. म्हणजे नियमाच्या कागदावर 'फार मोठी नको' आणि पहिल्या क्रमांकावर सगळ्यात मोठी. स्पर्धकांनी कागद बघावा की निकाल? त्यांनी निकाल बघितला. कुणीही तेच केलं असतं.

वीस टक्के

1990 च्या दशकाच्या शेवटी पैसा आटला. 1999 ची मिस ऑलिंपिया तिकिटं खपत नाहीत म्हणून जवळजवळ रद्दच झाली होती, चाहत्यांनी ओरड केली तेव्हा कशीबशी पार पडली. 2000 पासून ती पुरुषांच्या मिस्टर ऑलिंपियाबरोबर लास वेगसला भरू लागली आणि वजनगट आले. त्याच वर्षी स्पर्धकांना नवी मार्गदर्शक पत्रं गेली. निरोगी रूप, चेहरा, मेकअप आणि कातडीचा पोत यांचाही विचार होईल, आणि स्नायू असावेत पण टोकाचे नसावेत. टोक म्हणजे कुठे, हे पत्रात नव्हतं.

डिसेंबर 2004 मध्ये महासंघानं आणखी पुढचं पाऊल टाकलं. सौंदर्य आणि आरोग्य या कारणांसाठी स्त्री खेळाडूंनी स्नायूंचं प्रमाण 20 टक्क्यांनी कमी करावं. कशाच्या 20 टक्के? वजनाच्या, दंडाच्या घेराच्या, की परीक्षकाच्या डोळ्यांना जाणवणाऱ्या आकाराच्या? मोजणार कोण आणि कशानं? याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. आरोग्याची काळजी खरी असती तर औषधांच्या चाचण्या वाढवल्या असत्या, आणि तो नियम पुरुषांनाही लागू केला असता. त्याच वर्षांत मिस्टर ऑलिंपिया रॉनी कोलमन 130 किलोच्या आसपास वजन घेऊन मंचावर येत होता. त्याला कुणी वीस टक्के कमी हो म्हटलं नाही. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत जास्त खुपते ती ही गोष्ट.

खेळाडू मात्र खेळत राहिल्या. 2001 मध्ये नेदरलँड्सची ज्युलिएट बर्गमन वयाची चाळिशी ओलांडल्यावर जिंकली. 2002 मध्ये लेंडा मरे पुन्हा मैदानात उतरली आणि आणखी दोनदा जिंकून आपले किताब आठवर नेले. 2004 मध्ये मिशिगनमधल्या बेंटन हार्बरची आयरिस काइल जिंकली. 2005 मध्ये व्हेनेझुएलाच्या याक्सेनी ओरिकेननं तिला हरवलं, आणि 2006 ते 2014 सलग नऊ वर्षं पुन्हा काइल. एकूण दहा किताब. मिस्टर ऑलिंपियाचा विक्रम आठ किताबांचा आहे. तरीही रॉनी कोलमनचं नाव आपल्याकडच्या कुठल्याही जिममधल्या पोराला माहीत असतं आणि आयरिस काइलचं क्वचितच.

बंद आणि पुन्हा सुरू

दरम्यान आयोजकांनी वेगळीच वाट काढली होती. मोठे स्नायू नकोत, तर कमी स्नायूंचे नवे गट काढा. 1995 मध्ये फिटनेस ऑलिंपिया, 2003 मध्ये फिगर, 2010 मध्ये बिकिनी, 2013 मध्ये फिजिक, 2021 मध्ये वेलनेस. बिकिनी आणि फिगरमध्ये उंच टाचांच्या चपला घालून वळून दाखवायचं असतं. फिजिकमध्ये अनवाणी पोझ देतात, स्नायू आवळतात, पण तळहात उघडा ठेवायचा, मूठ वळायची नाही. 1980 मध्ये जी अढी होती ती इथे नियम होऊन बसली आहे. या गटांमुळे हजारो मुली वजनं उचलायला लागल्या हे खरं, आणि चांगलंच झालं. पण त्यांच्या गर्दीत मूळ बॉडीबिल्डिंगचा गट कोपऱ्यात गेला. 2013 नंतर मिस इंटरनॅशनल बंद झाली. 2014 ला काइल दहावा किताब घेऊन निवृत्त झाली आणि 2015 पासून मिस ऑलिंपियाही गुंडाळली गेली.

मग एक माणूस आडवा उभा राहिला. जेक वुड हा या खेळाचा जुना चाहता आणि प्रायोजक. त्यानं 2015 मध्ये टेक्ससच्या सॅन अँटोनिओत 'रायझिंग फिनिक्स' ही स्त्री शरीरसौष्ठवाची जागतिक स्पर्धा सुरू केली, मार्गी मार्टिन पहिली विजेती. पुढची काही वर्षं हीच या खेळाची सर्वोच्च स्पर्धा होती. 2020 मध्ये वुडनं ऑलिंपिया ही सगळी स्पर्धाच विकत घेतली आणि त्याच वर्षी ऑरलँडोत मिस ऑलिंपिया परत भरली. जिंकली आंद्रिया शॉ, जी आधी फिजिक गटात होती आणि त्या गटासाठी जास्तच भरदार ठरत होती. तीही मिशिगनची. 2021, 2022, 2023 सालीही तीच.

भारतात हा खेळ उशिरा आला आणि त्याला पहिली झळाळी दिली ती ईशान्येनं. मणिपूरची ममोता देवी युमनम 2012 मध्ये बँकॉकच्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक घेऊन आली. महाराष्ट्रात पुरुषांच्या शरीरसौष्ठवाची परंपरा जुनी, मुंबईत तर गल्लीच्या कोपऱ्यावर मंडप घालून स्पर्धा भरतात आणि 'मुंबई श्री'ला तोबा गर्दी होते. स्त्रियांचा गट या मंडपात अलीकडे आला, तोही बहुतेक फिजिक किंवा मॉडेल फिजिकच्या रूपात. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत काम करणारी दीपिका चौधरी फिगर गटात आयएफबीबीच्या व्यावसायिक दर्जापर्यंत पोचली.

आपल्याकडच्या मुली उतरतात तेव्हा त्यांच्या पोझला शिट्या पडतात, आणि निकालानंतर 'बाईपण राहिलं नाही' अशी कुजबुजही होते. गट कुठला, मूठ वळायची की नाही, आकाराला किती महत्त्व आणि कट्सना किती, हे आयोजकांनी स्पर्धेआधी कागदावर स्पष्ट लिहून द्यावं, मराठीत द्यावं, आणि निकाल त्याच कागदाप्रमाणे लावावा. मुली डाएटवर सहा-सहा महिने काढतात. त्यांना मंचावर चढण्याआधी हे ठाऊक असायलाच हवं.